बारा मीटरचा पतंग

काका पतंगाला कान लावायचे. गाल कापडावर टेकलेला, डोळे मिटलेले, आणि आपण काही बोलायला गेलो की डावा हात वर. "थांब गं जरा. ऐकू दे."

संक्रांतीला उडवतो तो कागदी पतंग नव्हे. हा नायलॉनचा, उलगडला तर चाळीतली एक खोली भरेल एवढा. माणूस पायाखाली फळी घेऊन समुद्रात उतरतो, कमरेच्या पट्ट्याला हा पतंग अडकवतो आणि वाऱ्याच्या जोरावर पाण्यावरून धावतो. पतंगाच्या पुढच्या कडेला रबरी नळी असते, ती पंपाने टणक फुगवतात, म्हणून तो पाण्यात पडला तरी बुडत नाही. हौशी लोक त्याला काइट म्हणतात. काका शेवटपर्यंत पतंगच म्हणत राहिले.

मी गिरगावची. पोहण्याच्या नादातून या खेळात आले आणि आता दादरच्या एका दुकानासाठी पतंग तपासायचं काम करते. दुकान परदेशातून पतंग मागवतं, नवेही आणि वापरलेलेही. मी भाऊच्या धक्क्यावरून बोटीने मांडव्याला जाते, दुपारचा खारा वारा सुटला की एकेक उडवते आणि परत येऊन तक्ता लिहिते. कोणता पतंग किती वाऱ्यात, किती वजनाच्या माणसाला, कशासाठी. मंद वाऱ्याला सतरा मीटर, म्हणजे चौरस मीटर, कापडाचा, बऱ्यापैकी वाऱ्याला बारा, सोसाट्याचा असेल तर नऊ किंवा सात. कुणाला उंच उड्या मारायच्या असतात, कुणाला लाटेवर वळायचं असतं, कुणाला नुसतं किनाऱ्याने भटकायचं असतं. प्रत्येकाला वेगळा पतंग लागतो.

काका आमचे दुरुस्तीवाले. माझगावला दुकानाचं गोदाम आहे, तिथे मागच्या खिडकीशी त्यांचं शिलाई मशीन. वय पासष्टच्या पुढे, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात पेन्सिलीऐवजी खडू. नायगावच्या चाळीतून रोज यायचे. फोन आला की "जय भीम, बोला," म्हणायचे आणि पुढे बराच वेळ नुसतं ऐकत राहायचे. त्या बाजूला तुमचं जाणं झालं असेल तर अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ती नेमकं काय काम करतात ते रस्त्यावरून कळत नाही, पण त्यांच्या समोर उभं राहिलं की आपला आवाज आपोआप खाली येतो.

त्यांनी आयुष्यात एकही पतंग उडताना पाहिला नव्हता. समुद्रावर जात नसत. चौपाटीवरसुद्धा नाही. तरी मी मांडव्याहून तक्ता लिहून आणायचे तेव्हा ते आधीच सांगून मोकळे झालेले असायचे. "हा उड्या मारणाऱ्याला दे. लाटेवर नको, वळताना हट्ट करील." किंवा, "हा सतरावाला आळशी आहे. उठायला वेळ घेतो, पण उठला की संध्याकाळपर्यंत सोडणार नाही." माझ्या तक्त्याशी ते जुळायचं. सुरुवातीला मी हसायचे. नंतर तक्ता लिहायच्या आधी त्यांना विचारायला लागले.

गिऱ्हाइकाबद्दल त्यांचा प्रश्न ठरलेला. वजन, उंची, सराव हे आम्ही विचारायचो. काका विचारायचे, "घाबरतो कशाला?" एक बँकेतला माणूस गोंधळून म्हणाला, "बायकोला." काका गंभीरपणे म्हणाले, "मग नऊ मीटरचा द्या. लवकर परत येईल." आणि मशीनवर वाकून खांदे हलेपर्यंत हसले.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात वापरलेल्या पतंगांचा एक गठ्ठा आला. त्यात एक बारा मीटरचा होता, राखाडी, कडेला फिकट पिवळी पट्टी. आधीचा मालक कोण, कुणाला माहीत नव्हतं. मी तो तीनदा उडवला. इतका समजूतदार पतंग माझ्या हाताखालून गेला नव्हता. वारा कमी झाला तरी पडत नव्हता, दोऱ्या बांधलेली हातातली दांडी सोडली तर डोक्यावर शांत उभा राहत होता. मी तक्त्यात लिहिलं, मंद ते मध्यम वारा, नवशिक्यांसाठी उत्तम. हिंदमाताजवळ दवाखाना असलेल्या एक दाताच्या डॉक्टर तेव्हा आमच्याकडे शिकत होत्या. त्यांच्यासाठी तो पक्का झाला.

काकांनी त्याला कान लावला आणि नेहमीपेक्षा खूप वेळ लावून ठेवला. मग उठले, हात पुसले आणि पिशवीवर खडूने लिहिलं, 'नाही'.

"गळतोय का?" मी विचारलं.

"नाही."

"शिवण उसवली आहे?"

"शिवण चांगली आहे. दाब बघ, काटा हलत नाही." दाबमापक त्यांनी माझ्यापुढे धरला. काटा खरंच स्थिर होता. "पण आत हवा नाही नुसती. श्वास आहे. घेतोय आणि सोडतोय."

दुकानाचे मालक बोलले. "काका, डॉक्टर मॅडमना रविवारी हाच द्यायचाय. फायनल झालंय." काका म्हणाले, "मी घडी घालणार नाही याची." आणि खरंच घातली नाही. पतंग फुगवलेला तसाच जमिनीवर राहिला.

शुक्रवारी दुपारी मी तो न्यायला गोदामात गेले. काका जेवायला बसले होते. शटर अर्धं खाली होतं, वीज गेलेली, त्यामुळे पंखे बंद. बाहेर झाडाचं पान हलत नव्हतं. पतंगाचं एक टोक जमिनीवरून उठलं. वीतभर वर आलं, थोडं थांबलं आणि हळूच खाली टेकलं. मग परत. मी घड्याळाकडे बघितलं नाही, पण माझा श्वास त्याच्याबरोबर चालायला लागला होता एवढं कळलं. काका डबा झाकत म्हणाले, "बघितलंस? वारा नसला तरी उठतो."

"उकाड्याने कापड ताणतं, काका," मी म्हणाले. माझ्या आवाजावर माझाच विश्वास नव्हता, म्हणून चिडले. "मी उद्या स्वतः उडवून येते. काही झालं नाही तर तुम्ही ते 'नाही' पुसायचं."

त्यांनी मान हलवली नाही. हात वर केला, नेहमीसारखा, पण या वेळी ऐकण्यासाठी नाही. मला अडवण्यासाठी.

शनिवारी मांडव्याला वारा छान होता. आम्ही पाचजण पाण्यात होतो. चारच्या सुमाराला वारा पडला, जणू कुणी दार लावलं. असं होतं कधीकधी. बाकी चौघांचे पतंग एकेक करून पाण्यावर आले आणि ते फळीवर पोट टेकून किनाऱ्याकडे हात मारू लागले. माझा पतंग पडला नाही. डोक्यावर उभा राहिला, दोऱ्या तारेसारख्या ताठ. मग तो किनाऱ्याकडे पाठ करून मला आत खेचायला लागला.

पाणी आरशासारखं होतं. ते मला अजून दिसतं. माझ्या फळीमागे उठणारी रेघ सोडली तर त्या पाण्यावर एक सुरकुती नव्हती. छातीशी लाल मूठ असते, ती ओढली की पतंगातला सगळा जोर जातो. मी ती ओढली. दांडी सुटून वर गेली, पतंग एका दोरीवर लोंबायला हवा होता. लोंबला नाही. तसाच चालला. त्या एका दोरीतून माझ्या कमरेला धक्के जाणवत होते, सारख्या अंतराने, आत आणि बाहेर. मी शेवटचा पट्टाही सोडला.

पतंग दोऱ्या ओढत उत्तरेला, मुंबईच्या दिशेने गेला. घाई नव्हती त्याला. मी पाण्यात उभी तरंगत बघत राहिले. बचावाची बोट आली तेव्हा बोटवाल्याने विचारलं, "मॅडम, वारा कुठं होता?" मी म्हटलं, उंचावर असेल. दोऱ्या चोवीस मीटरच्या असतात. उंचावर म्हणजे किती उंच, हे त्यालाही ठाऊक होतं. त्याने बोट किनाऱ्याकडे वळवली.

सोमवारी काकांना सांगितलं. ते ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "तू सोडलंस ते चांगलं केलंस. पण आता तो कुणाला तरी सापडेल." मग त्यांनी मशीनवरचं कापड बाजूला केलं आणि मला बसायला सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी स्वतःबद्दल काही सांगितलं.

तरुणपणी ते जहाजांच्या जीवरक्षक तराफ्यांच्या कारखान्यात होते. रबरी तराफा, डब्यात घडी करून ठेवलेला, बोट बुडायला लागली की आपोआप फुगणारा. वर्षातून एकदा तो तपासायला येतो. फुगवून ठेवायचा, दाब बघायचा, कान लावायचा, मग सही आणि शिक्का. एका मोठ्या मच्छीमार बोटीचा तराफा आला होता. "त्यात असाच आवाज होता," काका म्हणाले. "चार जणांचा. मी साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, काटा हलला का? नाही म्हटलं. मग सही कर. मी केली."

त्याच मोसमात ती बोट बुडाली. तराफा दुसऱ्या बोटीला सापडला, मऊ पडलेला, रिकामा. बोटीवर चार माणसं होती. कागद व्यवस्थित होते, म्हणून काकांना कुणी काही विचारलं नाही.

"विचारायला पाहिजे होतं," ते म्हणाले.

पुढचे दीड महिने हा समुद्र टाळणारा माणूस किनाऱ्याने हिंडला. दादरची चौपाटी, माहीम, ससून डॉक. मिळेल त्या मच्छीमाराला आपला नंबर देऊन यायचे. राखाडी कापड, पिवळी पट्टी, सापडलं तर उडवू नका, मला सांगा. मालक वैतागले. काकूंनी मला फोन केला, "यांना समजाव गं, पाय सुजलेत." मी समजावलं नाही. मी सुट्टीच्या दिवशी बरोबर जायला लागले. फक्त वरळी कोळीवाड्यात ते जात नव्हते. मी दोनदा सुचवलं, दोनदा त्यांनी विषय बदलला.

फोन तिथूनच आला.

पतंग जाळ्यात आला होता आणि जाळं लावणाऱ्याने तो धक्क्याच्या कठड्यावर वाळत घातला होता. शेजारी बोंबील वाळत होते. दीड महिना समुद्रात राहून कापडाला शेवाळ धरलं होतं, पिवळी पट्टी विटली होती. पुढची नळी मात्र टणक होती. मी बोटाने दाबून बघितली, आताच पंप मारल्यासारखी. ज्याच्या जाळ्यात तो आला तो माणूस म्हणाला, "काका, घेऊन जावा. घरात नको म्हणते बायको. रातभर फडफड करतो."

काकांनी खिशातून शिवण उसवायची छोटी सुरी काढली. आधी कापड मोकळं केलं, टाका टाका करून, शिवलं असेल त्याच्या उलट क्रमाने. तासभर लागला. शेवटी रबरी नळी उरली. तिला त्यांनी बारीक छेद दिला आणि तिच्यावर वाकले. हवा शिट्टी मारत निघाली नाही. सावकाश निघाली, खूप दमलेला माणूस टेकल्यावर श्वास सोडतो तशी. काका मान डोलवत होते. मध्येच एकदा "हो" म्हणाले. नळी पूर्ण सपाट झाली तेव्हा त्यांच्या शर्टाची कॉलर घामाने भिजलेली होती.

"काय ऐकू आलं?" मी विचारलं.

"तू इथे थांब," ते म्हणाले, आणि कोळीवाड्याच्या गल्लीत शिरले. कुणाला न विचारता, डावीकडे, मग परत डावीकडे. मी थोडं अंतर ठेवून मागे गेले. एका घराचं दार उघडं होतं. काका उंबऱ्याशी चपला काढून उभे राहिले. आतून एक म्हातारी बाई आली. काका बोलले, दोनतीन वाक्यांपेक्षा जास्त नाही. ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग बाजूला झाली आणि ते आत गेले. मी तासभर धक्क्यावर थांबले आणि एकटीच परत आले.

त्यानंतर काका गोदामात आले नाहीत. काम झेपत नाही म्हणून मालकांना कळवलं. काकू सांगायच्या की गुरुवारी दुपारी कुठेतरी जातात, संध्याकाळी येतात, जेवतात नीट. गेल्या पावसाळ्यात झोपेतच गेले.

नायगावला काकांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी गेले होते. भंतेजींची वंदना म्हणून झाली, लोक उठायला लागले. मागच्या रांगेत वरळीची ती म्हातारी कोळीण बसली होती, काष्टा नेसलेली, डोळे कोरडे. मी जवळ जाऊन बसले. काय बोलावं सुचेना, म्हणून विचारलं, "त्या दिवशी काका काय म्हणाले हो तुम्हाला?"

"म्हनाले, सही माजी होती."

"तुम्ही रागावला नाहीत?"

तिने पदर सारखा केला. "माजा घरवाला सपनात येयाचा," ती म्हणाली. "इतकी वरसं. दुसरं काय बी बोलायचा नाय. म्हनायचा, आवाज येत व्हता गो तराफ्यातनं. कुनीतरी आयकला आसंल. मी दुपारचं दार कधी लावलंच नाय, पोरी. बगत व्हते, कुनी आयकला तो."