वेगळं ताट

बेहेऱ्यांच्या मागील दारी, भांडी घासण्याच्या दगडाजवळच्या फळीवर, एक ताट, एक वाटी आणि एक पेला असे. ती भांडी ऋजुताची. तीच घासायची, तीच उचलायची. दुसऱ्या कोणी हात लावलेला तिला खपत नसे.

थायरॉईडच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झाल्यावर मागे काही उरू नये म्हणून मुंबईत तिला किरणोत्सारी आयोडिन दिलं होतं. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं : थोडे दिवस वेगळ्या खोलीत झोपा, भांडी वेगळी ठेवा, मुलाचा विचार वर्षभर नको. ते थोडे दिवस केव्हाच सरले. वर्षही उलटलं. ताट फळीवरच राहिलं. ऋजुता रत्नागिरीतल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. या आयोडिनची किरणं दर आठ दिवसांनी निम्मी होतात, हे तिला कोणी सांगायला नको होतं.

सासूबाई, आनंदीबाई, एकदा म्हणाल्या, "अगो, माझ्या सासूचं सोवळं मोडायला मला वीस वर्षं लागली. आता तुझं कोण मोडणार?"

"आई, हे सोवळं नाही."

"मग काय आहे, ते तरी सांग."

ते तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. या उपचारानंतर रक्तपेशींत तुटलेली गुणसूत्रं सापडतात, डोस मोठा तितकी जास्त, असं तिने फोनवर वाचलं होतं. तेव्हापासून नवऱ्याने, उन्मेषने, मुलाचा विषय काढला की तिला कारण सुचे : परीक्षा, पेपर, आंब्याचा हंगाम. मूल तिला हवं होतं. आपल्यातलं मोडकं त्याच्याकडे जाईल ही धास्ती होती, आणि ती ताटावर निघत होती.

मे महिन्यात मुंबईला तपासणीला गेली तेव्हा तिने सरळच विचारलं, "माझी गुणसूत्रं तुटली आहेत का?"

"काही रक्तपेशींतली तुटली असणार," डॉक्टरबाई म्हणाल्या. "बरीचशी हळूहळू कमी होतात, थोड्या खुणा वर्षानुवर्षं राहतात. दुसऱ्या कॅन्सरचा धोका किंचित वाढतो, म्हणून तपासण्या चुकवू नका. पण बाळ रक्तपेशींपासून होत नाही. अंडाशयालाही थोडी किरणं लागतात, म्हणून तर थांबायला सांगितलं होतं. तसं थांबलेल्या बायकांच्या मुलांत इतरांपेक्षा जास्त व्यंगं आढळलेली नाहीत."

"म्हणजे खात्री?"

"ती मी कुठल्याच आईला देत नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती महामार्गावर, हातखंब्याच्या फाट्याला बसमधून उतरली. उन्मेष स्कूटर घेऊन आला होता. घरी पानं मांडलेली होती आणि आनंदीबाई फळीवरच्या ताटात भात नि फणसाची भाजी वाढून घेऊन जेवत होत्या.

"आई, ते माझं ताट!"

"ठाऊक आहे. चांगलं जड आहे गो, भात गार होत नाही." त्यांनी घास गिळला. "काय म्हणाली डॉक्टरीण?"

"तुटलंय थोडं, म्हणाल्या. पण मूल व्हायला हरकत नाही."

"मग उभी का? पान घे."

ऋजुता उन्मेषकडे न बघता म्हणाली, "शाळा सुरू झाली की मला पुन्हा कारणं सुचतील. त्याआधीच काय ते बघू या."

पानावर बसलेल्या उन्मेषला ठसका लागला. आनंदीबाईंनी त्याच्यापुढे पाणी सरकवलं. ऋजुताने मांडणीवरचं हाताला आलं ते ताट घेतलं आणि दोघांच्या मध्ये बसली.