घरचं काय हाये ते दाखवा

फाटकाशी स्कूटी लावायची, गॉगल डोक्यावर चढवायचा, कमरेवर हात ठेवायचे आणि मालकिणीने बागेची जागा दाखवायच्या आधीच विचारायचं, "घरचं काय हाये ते दाखवा." ताईंचं प्रत्येक काम असं सुरू व्हायचं. नवीन माणूस गोंधळून जायचा. एका बाईंनी तर पोह्यांची प्लेट आणून पुढे ठेवली होती. ताईंनी पोहे खाल्ले आणि पुन्हा तेच विचारलं.

नागपुरात सक्करदऱ्याकडे माझी नर्सरी आहे. रोपं माझी आणि बागेतली कलाकुसर ताईंची, अशी आमची जोडी बरीच वर्षं चालली. ताई चित्रकला शिकलेल्या. शाळेत नोकरी लागली नाही, म्हणून टाइल्सचे तुकडे जडवून बाक, पायवाटा, पाखरांसाठी पाण्याचे परळ करायला लागल्या. बाजारातलं शोभेचं सामान त्या बागेत येऊ द्यायच्या नाहीत. घरातलं मोडकं, जुनं, कुणाच्या तरी हातून गेलेलं काही हवं असायचं. एकदा मी हौसेने फायबरची दोन हरणं टेम्पोतून उतरवली. ताईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "भाऊ, हे कोनाच्या घरचे होय? यायले जंगलात सोडून या." ती हरणं अजून माझ्या गोदामात उभी आहेत.

गांधीबाग बाजारातल्या एका कापडवाल्या शेठजींकडे काहीच सापडेना. सगळं घर नवं कोरं. शेवटी माळ्यावरून त्यांच्या वडिलांचा कापड मोजायचा लोखंडी गज निघाला. ताईंनी तो जाईच्या वेलाला आधार म्हणून रोवला, आणि बुडाशी दुकानातल्या जुन्या पितळी बिल्ल्यांची नक्षी जडवली. शेठजी आधी कुरकुरले. आता रोज सकाळी तो गज फडक्याने पुसतात आणि वेल किती चढला ते कुणी न विचारता सांगतात. कुणाचा जुना कूलर असला की ताई त्याचा सांगाडा रंगवून त्यावर गोकर्ण चढवायच्या. तुम्हीही अशा बागेसमोरून गेला असाल, फक्त कुणाची ते विचारलं नसेल.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते सांगतो. शब्द इकडचे तिकडे झाले तर चालवून घ्या.

शहराबाहेर प्लॉट पाडून वसवलेल्या एका नव्या लेआउटमधल्या बंगल्याचं काम होतं. तिथल्या म्हाताऱ्या सासूबाईंनी ताईंचा प्रश्न ऐकला आणि खाटेखालून पत्र्याचा डबा ओढला. आत त्यांच्या लग्नातल्या निळ्या फुलांच्या कपबश्यांचे तुकडे. एकही टाकलेला नाही. ताईंनी त्यांचा फाटकाजवळ बाक केला. पाठीवर, बसायच्या जागेवर, कडेला, सगळीकडे ती निळी फुलं. आजी रोज संध्याकाळी तिथे बसायच्या आणि तुकड्यांवरून बोट फिरवत मला सांगायच्या, "हा आमच्या यायनं फोडला होता. अन् हा धाकट्यानं. त्याले मी लय मारलं होतं."

काम संपत आलं होतं, तेव्हा आजींच्या सूनबाई, तिथल्या मॅडम, गाडीतून एक खोकं घेऊन उतरल्या. आत बुद्धाचं मुंडकं. मानेपासून कापलेलं, सोनेरी, टाळूला भोक. त्या भोकात मनीप्लांट लावायचा. ठेवायचं कुठे, तर फाटकाजवळ, जिथे चपला काढतात आणि कुत्र्याला आंघोळ घालतात तिथे.

ताई आधी शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, हे घरचं नाही. मी बाजारचं लावत नाही."

"अहो, पण किती शांत वाटते ना बघून. सगळीकडे लावून राहिले आजकाल."

"मान कापलेली हाये मॅडम. शांत कसं वाटते तुमाले?"

मॅडम हसल्या. त्यांना ती थट्टा वाटली. मग ताईंनी गॉगल काढून हातात घेतला. "छप्पन साली माह्या आज्यानं इथंच नागपुरात दीक्षा घेतली. आमच्या घरी सकाळी ह्याच चेहऱ्यापुढं हात जोडतो आम्ही. तुमच्या देवघरातल्या देवाचं डोकं कापून, त्याले भोक पाडून, चपलेपाशी कुंडी कराल का तुम्ही?"

तेवढ्यात मॅडमचे साहेब बाहेर आले. त्यांनी फक्त शेवटचं वाक्य ऐकलं होतं, आणि तेवढं त्यांना पुरलं. आमच्या देवाबद्दल असं बोलायची हिंमत कशी झाली, आमच्या भावना दुखावल्या, वगैरे. समोर भोक पाडलेलं डोकं पडलं होतं आणि भावना यांच्या दुखावल्या. मी मध्ये पडलो तर मलाही फाटक दाखवलं. आजी बाकावर बसून म्हणत होत्या, "तिचं खरं हाये, बापू." त्यांच्याकडे कुणी वळूनही पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी लेआउटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप फिरला की ही बाई बागेच्या नावाखाली राजकारण करते. आधी ताईंबरोबर फोटो काढून घेणारे लोक फोन उचलेनासे झाले. एकाने माझ्या नर्सरीत येऊन, आवाज खाली आणून विचारलं, "त्या त्यांच्यातल्या ना?" स्वतःच्या बागेतल्या ज्या बाकावर हा गृहस्थ इतकी वर्षं पेपर वाचत बसला, तो कुणाच्या हातचा आहे हे त्याला आजच विचारावंसं वाटलं. मी त्याला रोप न देता परत पाठवलं. आणखी काय करणार होतो, तेही मनात होतं, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आणि बंगल्यात काय केलं? मुंडक्याला मोठी जागा हवी म्हणून बाक फोडला. स्वतःच्या आईचा बाक. ताईंवरचा राग त्या निळ्या फुलांवर काढला. मी गेलो तेव्हा तुकड्यांचं पोतं फाटकाबाहेर पडलेलं होतं आणि आजी आतल्या खिडकीतून बघत होत्या. पोतं टेम्पोत टाकलं आणि ताईंकडे नेलं. त्या दारातच उभ्या होत्या. म्हणाल्या, "ठेवा तिकडं."

काम तुटलं, पण ताई कुणाच्या दारी मागायला गेल्या नाहीत. मी दोनदा म्हटलं, साहेबांना एक फोन करून टाका, विषय मिटेल. तर म्हणाल्या, "भाऊ, मी काहून करू फोन?"

गेल्या पावसाळ्यात डेंग्यूने त्या गेल्या.

दिवाळीच्या आधी बंगल्यातल्या मॅडमचा मला फोन आला. त्यांनी उन्हाळ्यातच प्लास्टिकचं गवत बसवलं होतं, जुनं सगळं काढून टाकलं होतं. "ते तुकड्यांचं काम पुन्हा फॅशनमध्ये चालून राहिलं म्हणतात. त्या बाईंचा नंबर आहे का? आई पण बाक, बाक करून राहिल्या." मी सांगितलं, त्या वारल्या. "अरेरे," मॅडम म्हणाल्या, "मग दुसरं कुणी आहे का तसं काम करणारं?" मी फोन ठेवून दिला.

त्याच संध्याकाळी ताईंच्या घरी गेलो. त्यांच्या नवऱ्याने मला मागच्या अंगणात नेलं. तिथे मी कधी गेलो नव्हतो. भिंतीलगत उंच ओटा आणि त्यावर रांगेने बसलेले बुद्ध. फायबरचे, सिमेंटचे, प्लास्टरचे. कचऱ्याच्या ढिगावर, रिकाम्या प्लॉटवर, लोकांनी फॅशन संपल्यावर फेकलेली ती डोकी ताई उचलून आणत. टाळूची भोकं बुजवून त्यांनी प्रत्येकाला धड करून दिलं होतं. खांदे, हात, मांडी, सगळं नीट.

"मी म्हनलं, घरात एवढे काहून आनतं वं?" नवरा सांगत होता. "तर म्हने, आपल्या घरचे हायेत. रस्त्यावर काहून राहतीन?"

ओट्याच्या टोकाला शेवटचा होता. सोनेरी, बंगल्यातला, मी लगेच ओळखला. मांडी झाली होती, छाती झाली होती, आणि छातीवर आजींच्या कपबश्यांची निळी फुलं जडवलेली होती. हात व्हायचे होते. खांद्यातून नुसत्या तारा बाहेर आल्या होत्या.