घरगाडीच्या दाराशी चपला

गाडीत शिरण्याआधी ते दारावर टकटक करायचे. उजव्या हाताचं मधलं बोट वाकवून, हलकेच, पाहुण्याच्या घरी करावी तशी. मग चपला काढून गाडीच्या कडेला नीट जोडून ठेवायचे आणि विचारायचे, "हाय का कोणी घरात?"

घरात कोणी नसायचं. फार तर एखादा उंदीर.

"काकाजी, गाडीला काय विचारता?" मी सुरुवातीला एकदा म्हणालो.

"गाडी कुठंय? आत शेगडी हाय, पाणी हाय, पलंग हाय. मंग ते घरच झालं ना? दुसऱ्याच्या घरात तुम्ही न विचारता घुसता का?"

मला शेजारपाजारी न विचारता घुसायची सवय आहे, म्हणून मीही चपला काढल्या.

काकाजी आमच्या जालन्याच्या गल्लीतले, समोरच्या घरातले. घराणं राजस्थानातलं, पण पिढ्या इथंच गेलेल्या. कापडाचं दुकान पुतण्यांकडे सोपवलं आणि त्यानंतर त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा हाताला ग्रीस लावून घेतलं. तुमच्याही गल्लीत असा एखादा गृहस्थ असेल, जो निवृत्त झाला की घड्याळं उघडतो किंवा पेटी शिकतो. आमच्या वाट्याला घरगाडी आली.

ती पुण्याच्या कुणा हौशी माणसाने करून घेतलेली जुनी डिझेलची व्हॅन होती. आतून लहानसं घर: एका बाजूला पलंग, दुसऱ्या बाजूला शेगडी आणि बेसिन, वर पाण्याची टाकी. आली तेव्हा छत गळत होतं, पलंगाखालचं प्लायवूड कुजलं होतं आणि नळ उघडला की आधी खोकायचा, मग हिरवं पाणी टाकायचा. गल्लीने ठरवून टाकलं की काकाजींना फसवलंय. काकाजी म्हणाले, "घर हाय. घराला काम निघणारच."

ही हौस मात्र नव्हती. काकीजींच्या मणक्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना बसवत नसे. घास खाईपर्यंत बसायच्या, की पुन्हा आडव्या. त्यांचं माहेर घनसावंगीच्या पुढे, कुंभार पिंपळगावला. तिथं एकच थोरला भाऊ, तोही आता काठीवर, प्रवासाच्या कामाचा राहिलेला नाही. ऑपरेशनपासून काकीजींची राखी जीपवाल्याच्या हाती जायची, आणि भावाच्या मनगटावर ती त्यांच्याच घरातली सून बांधायची. काकीजींना एकदा ती आपल्या हाताने बांधायची होती.

पुतण्यांनी सुचवलं होतं, अँब्युलन्स करू. काकीजी पडल्या पडल्या म्हणाल्या होत्या, "अँब्युलन्समधून माहेरी? भाऊ दारात बघूनच आडवा होईल. अन् सगळं गाव रडायला जमल, त्यांना चहा कोण पाजणार?"

तर पलंगावर निजून माहेरी जायचं, म्हणून ही गाडी.

पहिल्यांदा गाडी चालू झाली ती ऐन उन्हाळ्यात. सेल्फ लागला, इंजिनाने आवाज धरला आणि काकाजी मला म्हणाले, "बसा, जल्दी. बंद पडायच्या आत एक चक्कर मारून येऊ." अंबडच्या रस्त्याला चांगले लांब गेलो. एका टपरीशी चहाला थांबलो, दार उघडलं, आणि दोघेही पाय बाहेर काढून तसेच बसून राहिलो. खाली तापलेलं डांबर. चपला गल्लीत.

तेवढ्यात आमच्या सौभाग्यवतींचा फोन. "तुम्ही दोघं आहात कुठं? इथं चार चपला आहेत आणि मधली गाडी नाहीये. लोक बघून जाताहेत."

चहावाल्याने चहा गाडीतच आणून दिला आणि कौतुकाने विचारलं, "नवस हाय का?"

परत आलो तेव्हा काकीजी खिडकीतल्या पलंगावरून हसत होत्या. आमच्या बायकोने चपला उचलून आत ठेवायचं म्हटलं, तर त्यांनीच ठेवू दिल्या नव्हत्या. "राहू द्या. येतीलच घ्यायला."

तुम्हाला वाटेल, माणूस एकदा पोळला की शहाणा होतो. काकाजी त्यानंतरही चपला बाहेरच काढत. मी म्हणालो, आत एका कोपऱ्यात ठेवत जा की. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी त्यांच्या देवघरात बूट घालून उभा आहे. मग कधी त्यांच्या चपला पेट्रोलपंपावर राहिल्या, कधी वर्कशॉपच्या दारात, कधी पुन्हा गल्लीतच; गल्लीत राहिल्या की काकीजी खिडकीतून तेच म्हणायच्या, "राहू द्या. येतीलच घ्यायला." दर वेळी गाडी वळून यायची, काकाजी अनवाणी उतरायचे आणि चपलांना म्हणायचे, "राह्यल्या व्हय?"

आषाढात छताचं काम काढलं. राखी श्रावणात, म्हणजे पाऊस असणारच, आणि खाली निजलेल्या माणसाला कूस बदलायची सोय नाही. पाणी कुठून येतंय ते सापडेना. काकाजींनी डोकं लढवलं: आतून छताच्या सगळ्या सांध्यांवर बेसन चोपडायचं. जिथं ओल येईल तिथं पिवळी रेघ उतरेल. आणि खरंच उतरली, खिडकीच्या वरून थेट उशीपर्यंत. काकाजी दोन दिवस गल्लीभर बेसनाचे गुण सांगत होते. तिसऱ्या दिवशी कळलं की बेसनाचा वास उंदरांनाही लागलाय. त्यांनी बेसन चाटलं आणि तोंड गोड झाल्यावर वायरी कुरतडल्या. छत गळायचं थांबलं आणि दिवे बंद पडले.

"घर हाय," काकाजी म्हणाले. "उंदीर येणारच."

पण खरी काळजी धक्क्यांची होती. गाडी हलकी, मागच्या स्प्रिंगचे पाटे कडक. खड्डा आला की मागचा माणूस उडायचा. वर्कशॉपवाल्याने पाट्यांतलं एक पान काढून दिलं. तरी उडायचा. मग काकाजींनी ओळखीच्या कापसाच्या जिनिंगमधून सरकीची पोती आणली आणि पलंगाखाली रचली. वजन आलं तशी गाडी जरा शांत झाली. किती शांत, हे कळायला कुणीतरी त्या पलंगावर निजणं भाग होतं.

इथे या गोष्टीत माझा प्रवेश होतो.

"भाऊ, मोकळे हैत का? थोडं लोळायचं होतं."

मी पलंगावर उताणा. पोटावर पाण्याने भरलेला पेला. काकाजी पुढे बसून गाडी हाकणार, आणि प्रत्येक गतिरोधकावर ओरडून विचारणार, "सांडलं का?"

"सांडलं."

गाडी परत. पोती पुढे सरकवायची, चाकांतली हवा थोडी कमी करायची, पेला भरायचा, मी आडवा. श्रावण लागेपर्यंत माझा एकही सदरा कोरडा राहिला नाही. आमची बायको दोरीवर सदरे वाळत घालताना म्हणाली, "लग्नापासून बघतेय, तुमच्या लोळण्याचा शेवटी कुणाला तरी उपयोग झाला."

राखीच्या सकाळी मला त्यांनी गाडीत घेतलं ते काकीजींच्या सोबतीला. माझा पेला काकीजींकडे गेला. काकाजींनी तो स्वतः भरला आणि त्यांच्या पोटावर ठेवून, दोन्ही हातांनी धरायला लावून सांगितलं, "सांडलं की सांगायचं. मी गाडी फिरवतो. पाटे पुन्हा बघू, भाऊबीज हाय, न्हाई तर पुढची राखी हाय. पाठीशी खेळ नको."

 उशीपाशी राखीची डबी होती, तिच्यावर काकीजींनी एक हात ठेवला.

अंबड गेलं. काकाजी इतकी हळू चालवत होते की सायकलवाले आम्हाला वळून बघून पुढे जात. "सांडलं का?" "न्हाई." घनसावंगी गेलं. "सांडलं का?" "न्हाई."

घनसावंगीच्या पुढे, उसाच्या कडेने, पाण्याने भरलेला एक खड्डा काकाजींना दिसला नाही. मागचं चाक त्यात गेलं आणि वर आलं. पेला आडवा झाला. सगळं पाणी काकीजींच्या अंगावर. त्यांनी ओठ दाताखाली धरला, डोळे मिटले. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं, बोट ओठांवर ठेवलं आणि ओल्यावर पदर ओढून घेतला.

"सांडलं का?" पुढून काकाजींचा आवाज.

"थेंब न्हाई," काकीजी म्हणाल्या. आवाज अगदी सरळ.

मी खिडकीतून ऊस बघत बसलो. तुम्हीही तेच केलं असतं.

भावाच्या घराची गल्ली अरुंद. गाडी तोंडाशीच थांबली. काकाजी मागे आले, दारावर टकटक केली, "हाय का घरात?" म्हणाले आणि आत वाकले. त्यांनी काकीजींकडे पाहिलं, रिकाम्या पेल्याकडे पाहिलं. मग खुंटीवरचा टॉवेल काढला, काकीजींच्या हातात दिला, पाठ फिरवली आणि मला ऐकू जाईल असं म्हणाले, "बघा भाऊ. थेंब सांडला न्हाई."

काकीजींचे भाऊ काठी टेकत आले. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. त्यांनी पायरीशी चपला काढल्या, काठी बाहेर ठेवली, काकाजींचा हात धरून आत चढले आणि पलंगाच्या कडेला बसून म्हणाले, "पोरी, मी तुला आणायला यायचं, तर तू घरच घेऊन आलीस."

काकीजींनी निजूनच राखी बांधली. गाठ सैल बसली, त्यांनी सोडली आणि पुन्हा बांधली. काकाजी बेसिनचा नळ उगाच उघडबंद करत होते.

मग भावाला घेऊन गोदावरी बघायला गेलो. परत आलो तेव्हा गल्लीच्या तोंडाशी चपलांचे जोड तसेच होते, आणि शेजारी एक कुत्रं राखणीला बसल्यासारखं बसलं होतं.

त्यानंतर काकाजींनी गल्लीत ज्याला त्याला तीच गोष्ट सांगितली, थेंब न सांडल्याची. काकीजी आतून ऐकायच्या. मी मान डोलवायचो.

पुढच्या राख्याही तशाच झाल्या. गेल्या हिवाळ्यात काकाजी गेले, दोन दिवसांच्या तापाने. काकीजींचे भाऊ त्यांच्याआधी, दिवाळीलाच गेले होते. आता गाडीने जायचं तरी कुठे? पुतण्याने गिऱ्हाईक बघितलं.

गाडी न्यायला आले ते दोघं चांगले लोक होते. तरणे, डोंगर बघत फिरणारे. बुटांसह चढले, आणि त्यांनी का चढू नये? ती आता त्यांची गाडी होती. मी सरकीची पोती तशीच राहू द्या म्हणून सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण बहुतेक त्यांना कळलं नाही. जायच्या वेळी मी दारावर बोट वाकवून टकटक केली. आतून एकाने विचारलं, "काय हो?" मी म्हणालो, "काही नाही. दार नीट लागलंय का बघत होतो."

गाडी वळली आणि गेली. जिथं ती उभी असायची तिथली जमीन बाकी गल्लीपेक्षा गडद होती, तेलाच्या डागांची. तिच्या कडेला काकाजींच्या चपला होत्या, नीट जोडून ठेवलेल्या. ते गेल्यापासून काकीजी कामवालीकडून त्या रोज पुसून तिथेच ठेवून घेत, हे मला माहीत होतं. तरीही त्या तशा उघड्यावर बघवेनात. मी वाकलो आणि उचलायला हात पुढे केला.

"राहू द्या, भाऊ," खिडकीतून काकीजी म्हणाल्या.

मी थांबलो. पुढचं वाक्य मला पाठ होतं. त्या ते म्हणाल्या नाहीत.