पुस्तकाला दिलेलं ऊन

माझा नवरा अकाउंटंट, पण जीव सगळा पक्ष्यांत. ते वेड बघून त्याच्या ऑफिसातून निवृत्त झालेल्या एका बहरीनी साहेबांनी त्याला आठवडाभर वाचायला एक पुस्तक दिलं. हाताने रंगवलेल्या पक्षिचित्रांच्या फार जुन्या पुस्तकाची ती हुबेहूब नवी प्रत होती. पानं परातीएवढी. नवरा साबणाने हात धुऊन ते उघडायचा. जेवायला बसताना मात्र मला ओरडावं लागतं! आणलं त्या रात्री त्याने जेमतेम चार चित्रं पाहिली, बाकीची सुट्टीला निवांत बघायची म्हणून ठेवली.

तेव्हा सासूबाई कोकणातून बहरीनला, ईसा टाउनमधल्या आमच्या घरी आल्या होत्या. पुस्तकाला कुबट वास येत होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाल्कनीत धुतलेली चादर अंथरली आणि एकेक पान उलटत पुस्तकाला ऊन दिलं. गावाकडे पावसाळा सरला की पोथ्यांना देतात, तसंच.

संध्याकाळी नवऱ्याने पुस्तक उघडलं आणि किंचाळलाच. फ्लेमिंगोच्या पानावर तपकिरी ठिपके, घुबडाच्या कोपऱ्यात पाण्याचा सुकलेला ओघळ.

"आई, काय करून ठेवलंस हे!"

"अरे, ऐक तरी..."

"काही ऐकायचं नाहीये मला. साहेबांना काय तोंड दाखवू?"

सासूबाई उठून आत गेल्या. दुसऱ्या दिवशी धड जेवल्या नाहीत. दुपारी मला हळूच म्हणाल्या, "माझं तिकीट अलीकडचं करून मिळतं का बघ गं." माझं डोकंच फिरलं. किती विनवण्या करून आणलं होतं त्यांना, आणि चार डागांपायी निघाल्या! नवऱ्याशी बोलणंच टाकलं मी.

संध्याकाळी साहेबांच्या बुदैयाच्या घरी निघालो. सासूबाई आधीच गाडीत जाऊन बसल्या होत्या. "ऊन मी दिलं, सांगणार पण मीच."

साहेबांना हिंदी छान येतं. "धूप मैंने दिखाई," एवढंच सासूबाई म्हणाल्या, डाग नवऱ्याने दाखवले. साहेबांनी चष्मा लावला, पान बघितलं आणि खो खो हसत सुटले.

"अम्मा, ये दाग आपके नहीं हैं. ये तो छपे हुए हैं!"

मूळ पुस्तक जसं आहे तसं छापायचं म्हणून त्याचे डागसुद्धा छापले होते. प्रत्येक प्रतीत तेच ठिपके, तोच ओघळ. साहेबांनी नखाने ठिपका खरवडून दाखवला. हुश्श! माझ्या छातीवरचं ओझंच उतरलं. "बस, अगली बार छाँव में रखिए," एवढंच ते म्हणाले, आणि आम्हाला खजूर-कहवा घेतल्याशिवाय सोडलं नाही. सासूबाईंनी चांगले चार खजूर खाल्ले.

परतताना सिग्नलला नवरा म्हणाला, "आई, चुकलं माझं. पण डाग आधीपासून होते, हे तुला तरी कुठं माहीत होतं?"

"होतं की. ऊन द्यायच्या आधीच पाहिले होते मी," सासूबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "तेच तर सांगत होते तुला."

सिग्नल हिरवा झाला तरी गाडी हलेना. मागून हॉर्न वाजायला लागले.

"यल्ला," सासूबाई म्हणाल्या, "चल रे बाबा आता. घरी जाऊन भात टाकते."

तिकिटाचं त्यांनी पुन्हा नाव काढलं नाही.