लूमशेजारची मीटिंग

दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगा मी बऱ्याच पाहिल्या. टेमघरची घराजवळ होती, म्हणजे सगळे ओळखीचे. अंबाडीची लांब म्हणून गेलो, तर तिथे माझे साडू भेटले. तेही लांबची म्हणूनच आले होते. शेवटी पसंत पडली ती लूमच्या कारखान्याला लागून असलेली एक खोली. आत कुणी काहीही कबूल करो, बाहेर फक्त लूमची खटखट ऐकू यायची.

तिथे दाराजवळ एक गृहस्थ बसायचे. नाव विचारायची पद्धत नव्हती. सगळा जन्म लूमवर गेलेला, त्यामुळे कान अधू आणि बोलणं कायम ओरडून. बोलताना बोटं तुटलेल्या धाग्याला गाठ मारत असल्यासारखी हलायची.

एकदा ते बोलत असतानाच वीज गेली. सगळे लूम एकदम थांबले.

"प्यायलो की मी बायकोला मारायचो!" हे वाक्य थेट रस्त्यावर गेलं. समोरच्या चहाच्या टपरीवरचे लोक वळून बघू लागले. मी दार लोटायला उठलो.

"राहू द्या," ते त्याच आवाजात म्हणाले. "त्यांना ठाऊक हाय. मलाच उशिरा कळलं."

मग माझी पाळी आली. वीज आली नव्हती. मी मान खाली घालून काहीतरी पुटपुटलो.

त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि कानामागे हात धरला.

"मोठ्यानं बोला भाऊ. ऐकू येत न्हाय."

टपरीवाल्यानं मोबाइलवरचं गाणं बंद केलं.

मी मोठ्यानं बोललो.