बिल कोण देणार?

हॉटेलच्या गल्ल्यापाशी दोन मित्रांची बिलावरून झटापट चालली होती. "तुला माझी शपथ, मीच देणार!" जिंकलेल्याने पैसे काढले, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, धास्ती होती. ती धास्ती माझ्या चांगल्या ओळखीची आहे. मीही आयुष्यभर असाच पुढे धावलो, लोक कंजूष म्हणतील या भीतीने. तो उदारपणा नव्हताच. महिनाअखेरीला बायको भाजीत काटकसर करायची आणि मी मान वर करत नसे.

समोर सुधीर, माझा जुना मित्र, चहा संपवत होता. "आज तू दे रे," मी म्हणालो. कान तापले माझे.

"कधी देऊ दिलंस का, मेल्या? तुझ्यापुढे भिकाऱ्यासारखं वाटायचं मला!" म्हणत त्याने रुबाबात आणखी दोन चहा सांगितले. मी नको म्हटलं नाही.