स्कार्फमागचे गाल

उचगावात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका बाईचं ब्यूटी पार्लर आहे. भुवया कोरताना दोरा दातांत धरूनही ती बोलत राहते, त्यामुळे तिचे निम्मे शब्द कळत नाहीत. गोरं करणारी एक बिनालेबलची क्रीम ती स्वतः लावायची आणि गिऱ्हाइकांनाही विकायची.

यंदा उन्हाळ्यात ती तोंडाला स्कार्फ बांधून काम करू लागली. धुळीचा त्रास होतो, असं सांगायची.

एकदा मी खुर्चीत असताना एक बाई लग्न ठरलेल्या मुलीला घेऊन आली आणि तीच क्रीम मागू लागली.

"न्हाय देत आता."

"माझ्या भाचीला दिलती की तुम्ही."

पार्लरवालीनं दोरा ठेवला आणि स्कार्फ सोडला. गाल लालभडक झाले होते, पातळ कातडीखालच्या शिरा दिसत होत्या.

"त्यात स्टिरॉइड हाय, कातडीला त्याची सवय लागती, डॉक्टर म्हणालं. लावायची बंद केली आन् हे असं झालं. भाचीला घेऊन या, मीच दवाखान्यात नेते."

बाई भाचीला फोन लावत घाईनं बाहेर गेली. मुलगी तिथंच थांबली.

"दुखतंय काय, काकू?"

"उन्हात गेलं की आग हुतीया," ती म्हणाली, आणि तिनं मुलीला बसायला स्टूल पुढं केलं.